एकदा विचारून पाहावे

आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर आजवर पुष्कळ गोष्टी होऊन गेल्या. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका त्यावर तपासल्या गेल्या, चकलीचे पीठ त्यावर सांडले, मुलांची भांडणे तिथे जुंपली आणि तिथेच मिटलीही. परंतु यंदाच्या गणपतीत चार दिवस त्या टेबलाचा दवाखाना झाला होता. रोगी म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पट्टी. तिला चार तारा जोडलेल्या; तारांचे दुसरे टोक काडेपेटीएवढ्या एका डबीत; डबीची वायर लॅपटॉपला; आणि लॅपटॉपसमोर दाढी वाढलेला, डोळे तारवटलेला माझा पुतण्या. आमची ताटे त्या चार दिवसांत जमिनीवर आली. "निदान या निमित्ताने मांडी घालून जेवायची सवय राहील," अशी सौ.ने स्वतःची समजूत घातली. आई तेवढी खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. तिचे गुडघे आता जमिनीला नमत नाहीत.

पुतण्या पुण्याला एका कंपनीत आहे. "कॉम्प्युटरमध्ये आहे," असे मी दोन वर्षे लोकांना सांगत होतो. खरे म्हणजे यंत्रांच्या पोटात दडून बसलेल्या लहान संगणकांसाठी आज्ञावली लिहिणे हे त्याचे काम. कपडे धुण्याच्या यंत्रात, विजेच्या मीटरमध्ये, मोटारीच्या ब्रेकमध्ये असे संगणक असतात. त्यांना पडदा नसतो, कळफलक नसतो, आणि आपण त्यांना संगणक म्हणून ओळखतही नाही. त्याच्या टेबलावरची ती हिरवी पट्टी अशाच एका मागाच्या पोटातली होती. आपल्या अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा एक कारखाना आहे. तिथल्या मागांवर बसवलेल्या नक्षीच्या पेटीने असहकार पुकारला होता. टॉवेलाच्या कडेचा पट्टा सुरेख विणला जाई. परंतु पट्टा झाला, की त्यानंतरच्या फुलांच्या पाकळीचे टोक तुटलेले येई. मालक चिडले, त्यांनी पुण्याला फोन केला, आणि कंपनीने "तू सोलापूरचाच ना?" म्हणून आमच्या चिरंजीवांना ऐन गणपतीत धाडून दिले. आजीला वाटले, नातू सणाला आला. तिने पहिल्या दिवशी उकडीचे मोदक केले. नातवाने ते खाल्ले खरे. पण कशाचे होते असे विचारले असते, तर त्याला सांगता आले नसते!

या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे, की यंत्र म्हटले की मी दोन पावले मागे सरतो. मराठीच्या प्राध्यापकाचे खडूवाचून काही अडत नाही. परंतु नक्षी आणि माग हे शब्द कानांवर पडले, आणि मी खुर्ची ओढून पुतण्याशेजारी बसलो. त्याला कारण आहे.

माझे वडील चादरीच्या कारखान्यात जकार्डचे पुठ्ठे पाडीत. नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. चादरीवरची नक्षी विणकर मनाने विणीत नाही. आधी ती चौकटी आखलेल्या कागदावर रंगवायची. मग त्या कागदाची एकेक ओळ घेऊन लांबट पुठ्ठ्याला भोके पाडायची. जिथे भोक, तिथला ताण्याचा धागा वर उचलला जाणार. जिथे भोक नाही, तिथला खाली राहणार. बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्याने एकमेकांना ओवून माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. ती माळ फिरत राहते आणि खाली मोर, वेल, फुले उमटत राहतात. ही युक्ती फ्रान्समधल्या लियॉं गावच्या जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास पुऱ्या स्वरूपात आणली. त्याच्याच नावाचे आपण सोलापूरकरांनी जकार्ड केले. आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्या चादरीचा डौल त्या भोकांत आहे, असे वडील म्हणत.

पुतण्याला हे सांगू लागलो, तर तो माझ्याच पुढे एक पाऊल निघाला. म्हणाला, "काका, आमच्या धंद्याचं मूळच ते. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज नावाचा गणिती होता. त्यानं १८३७ च्या सुमारास एका मोठ्या गणकयंत्राचा आराखडा केला. त्याला आज्ञा द्यायच्या त्या जकार्डच्याच पुठ्ठ्यांनी. त्याच्या घरी जकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं. ते विणायला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले होते. आणि गंमत म्हणजे, यंत्राच्या ज्या भागात आकडेमोड होते, त्याला त्यानं नाव दिलं 'गिरणी'. आणि आकडे जिथं साठवून ठेवायचे, त्याला 'कोठार'."

गिरणी आणि कोठार! १८७७ साली ज्या गावात पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि 'जुनी मिल' या नावाने जी आजही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे, त्या गावच्या माणसाला याहून सोपे काय सांगायचे? मी मनात म्हटले, आता या रोग्याशी आपले नाते जुळले.

तर, त्या हिरव्या पट्टीवरही एक गिरणी होती आणि कोठार होते. कोठार म्हणजे मेमरी. तिचे वर्णन पुतण्याने केले, ते मला फार आवडले. ही मेमरी म्हणजे एक लांबच लांब गल्ली. प्रत्येक घराला क्रमांक. क्रमांक मोजायचे ते दहाच्या नव्हे, सोळाच्या हिशेबाने. मला त्याचे नवल वाटले नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत अख्खा देश सोळा आण्यांचा रुपया मोजतच होता. या हिशेबाने त्या चिपमध्ये पत्ते देता येतात ४,२९,४९,६७,२९६; परंतु घरे बांधलेली आहेत फार थोड्या ठिकाणी. जणू नगररचना खात्याने चारशे कोटी भूखंड आखून ठेवले, आणि वस्ती मात्र चार आळ्यांत! आठावर सहा शून्ये या पत्त्यापासून एक आळी, तिथे आज्ञावली राहते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही, तिला फ्लॅश म्हणतात. दोनावर सात शून्ये इथून दुसरी आळी, ती रॅम. कामापुरते लिहायचे आणि पुसायचे, शाळेतल्या पाटीसारखे. ही पाटी अवघी ६४ केबीची, म्हणजे ६५,५३६ घरांची. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला संगणक बहुधा तीन घरे घेतो. तेव्हा माझा हा एक लेख निम्म्याहून अधिक पाटी खाऊन टाकील. चारावर सात शून्ये इथून तिसरी आळी. तिथे बाहेरच्या जगाशी बोलणारे भाग, म्हणजे तारेवरून आलेला निरोप, कळ दाबली की नाही, दिवा लावायचा की विझवायचा. आणि सहावर सात शून्ये इथून चौथी आळी. चिपच्या बाहेर आणखी एखादी मेमरी जोडली, तर ती इथे.

आता यात बिघाड झाला तर तो शोधायचा कसा? त्यासाठी जे साधन, त्याला म्हणतात डीबगर. बग म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका संगणकात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला, आणि तिथल्या मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. ग्रेस हॉपर या विदुषी ती हकिकत रंगवून सांगत. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची रीत मात्र त्याहून जुनी. एडिसनच्या लिहिण्यात ती १८७८ सालीही आढळते. आमच्या लहानपणी ढेकणांसाठी खाटा उन्हात टाकीत आणि फटींत उकळते पाणी ओतीत. पुतण्याच्या ढेकणांना ते चालत नाही. त्याला त्या चार तारांवाटे चिपला मध्येच थांबवून, तिच्या घराघरात डोकावून पाहावे लागते. अशा पट्ट्यांवरचे जोड तपासता यावेत म्हणून १९८५ पासून युरोप-अमेरिकेतल्या कंपन्या एकत्र येऊ लागल्या आणि १९९० साली त्याचे प्रमाण ठरले; त्याच वाटेने चिपच्या आतही असे डोकावता येऊ लागले. नाहीतर या मुंगीएवढ्या तारांत काय चालले आहे, ते ब्रह्मदेवालाही कळले नसते.

परंतु डोकावण्याआधी एक काम करावे लागते, आणि माझ्या लेखाचा विषय तेच काम आहे. डीबगरला त्या आळ्यांचा नकाशा द्यावा लागतो. कुठून कुठपर्यंत कोणती मेमरी आहे, तिथे लिहिता येते की नुसते वाचता येते, हे एका तक्त्यात भरून द्यायचे. याला मेमरीची मांडणी ठरवणे म्हणतात. हा तक्ता कशाला हवा, ते मी विचारले. पुतण्या म्हणाला, "एक तर, जिथं घरच नाही तिथं दार वाजवलं, तर चिप भांबावते. दुसरं म्हणजे, अमुक आज्ञेपाशी थांब असं सांगायचं, तर डीबगर रॅममधली ती आज्ञा हळूच काढून तिच्या जागी 'थांब' ही आज्ञा ठेवतो. फ्लॅशमध्ये असं सहजी लिहिता येत नाही. तिथं चिपमधल्याच मोजक्या पहारेकऱ्यांवर भागवावं लागतं. माझ्या चिपमध्ये असे सहाच आहेत. तेव्हा कुठली आळी कसली, हे त्याला आधी ठाऊक हवं. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: कुठली गोष्ट पुन्हा विचारायची आणि कुठली नाही, हे त्याला त्या तक्त्यावरून ठरवायचं असतं."

हे तिसरे कारण मला नीट कळायला दोन कप चहा लागला. चार तारांवरून विचारपूस करायला वेळ लागतो. म्हणून डीबगर स्वतःजवळ एक टिपणवही ठेवतो. जी आळी 'न बदलणारी' म्हणून नकाशात दाखवली असेल, तिथले तो एकदाच वाचतो, वहीत टिपतो, आणि मग काम संपेपर्यंत तुम्ही कितीही वेळा विचारले तरी वहीतूनच सांगतो. जी आळी 'बदलणारी' म्हणून दाखवली असेल, तिथे चिप पळून पुन्हा थांबली, की तो जुने टिपण फाडतो आणि नव्याने विचारतो. आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी जी तिसरी आळी, तिच्याबाबत वही ठेवायचीच नाही. दर वेळी थेट दारात जाऊन विचारायचे. तिथे आणखी एक नाजूक गोष्ट असते. काही घरांत नुसते वाचण्यानेही बदल होतो. तारेवरून एक अक्षर आलेले असते. ते तुम्ही वाचले, की 'अक्षर आले आहे' ही खूण खाली पडते. म्हणजे पत्र वाचले आणि पेटी रिकामी झाली!

"मग तिथं वाचायचंच नाही का?" मी विचारले.

"वाचायचं की. पण उगाच चाळा म्हणून नाही. वाचलं, की आलेलं नीट उतरून घ्यायचं."

मी मान डोलावली. त्या वेळी मला ते केवळ यंत्राबद्दल वाटले.

दोन दिवस पुतण्या फुलाची नक्षी तपासत होता. पट्टा विणून झाला की तो चिप थांबवी आणि फुलाची पहिली ओळ पडद्यावर पाही. ओळ अगदी बिनचूक! पडद्यावर फूल अखंड, आणि कारखान्यात कापडावर त्याच फुलाचे टोक तुटलेले. त्याने तारा बदलल्या, पट्टी बदलली, मागाच्या चुंबकांवर संशय घेतला. कारखान्यातल्या मागांच्या वयस्क मिस्त्रींनी त्याला अखेर सांगितले, "साहेब, तुमचा पडदा काय म्हणतो ते ऱ्हाऊ द्या. कापड काय म्हणतंय ते बघा. कापडाला लबाडी येत नाही."

तिसऱ्या रात्री अकरा वाजता पुतण्याने एक साधी गोष्ट केली. पट्टीवर काही दिवे होते. त्याने आज्ञावलीलाच सांगितले, की फुलाची पहिली ओळ तू तुझ्या डोळ्यांनी वाच आणि दिव्यांवर दाखव. दिवे लागले. दिव्यांवर ओळ तुटकी होती. पडद्यावर तीच ओळ, त्याच घरातली, अखंड! दोघांतला एक खोटे बोलत होता. पुतण्याने डीबगरचा तो तक्ता उघडला, क्षणभर पाहिला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

झाले होते असे. कंपनीच्या जुन्या पेटीत चौथ्या आळीला, म्हणजे सहावर सात शून्ये या पत्त्यावर, बाहेरून जोडलेली फ्लॅश होती, न बदलणारी. नव्या पेटीत त्याच पत्त्यावर बदलणारी रॅम बसवली. भाडेकरू बदलला, पण दारावरची पाटी जुनीच राहिली. पुतण्याने तक्ता जुन्या कामातून जसाच्या तसा उचलला होता. त्यामुळे डीबगरने पहिल्यांदा एकदाच ती ओळ वाचली, तेव्हा ती अखंडच होती. आणि नंतर दोन दिवस तो पुतण्याला आपल्या वहीतले टिपण दाखवीत राहिला. तक्त्यात एक शब्द बदलला, आणि पडद्यावर लगेच तुटके फूल आले. मग खरा किडा सापडायला अर्धा तासही लागला नाही. पट्ट्याच्या ओळी मोजताना एकाची चूक होती. पट्टा एक ओळ जास्त लिहिला जाई, आणि ती ओळ शेजारच्या फुलाच्या पहिल्या ओळीवर जाऊन पडे.

"म्हणजे डीबगर खोटं बोलत होता," मी म्हणालो.

"नाही काका. तो त्याला आठवत होतं ते सांगत होता. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, की हे कधी बदलत नाही; पुन्हा विचारू नकोस."

मेमरीच्या मांडणीचे हे दुखणे टॉवेलापुरतेच नाही, हे सांगायला त्याने मला मंगळावर नेले. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेची 'स्पिरिट' ही गाडी मंगळावर उतरली. तीन आठवडे होतात न होतात तोच, २१ जानेवारीला, ती धड बोलेनाशी झाली. पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू व्हायची. साठाहून अधिक वेळा. दोष निघाला तो साठवणुकीचा. फ्लॅशमध्ये फायलींची इतकी गर्दी झाली होती, की त्यांची यादी मांडायला रॅम पुरेना. एक प्रश्न पाठवला, की तो पोहोचायलाच दहाएक मिनिटे. शास्त्रज्ञांनी गाडीला कळवले, की फ्लॅशकडे न बघता सुरू हो. मग सावकाश साफसफाई केली. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती गाडी २०१० सालापर्यंत बोलत राहिली. इतक्या लांबवरच्या यंत्राची प्रकृती कळायचा मार्गही एकच: नीट विचारणे, आणि उत्तराची वाट पाहणे.

दुसऱ्या दिवशी पुतण्या कारखान्यात जाऊन पेट्या दुरुस्त करून आला, आणि आमचे टेबल मोकळे झाले. लेख इथेच संपवता आला असता. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

साखर पेठेतले आमचे घर जुने, दुमजली आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. खाली रस्त्याकडेचा गाळा दुकानाला दिलेला, आणि मागे एक खोली. ती वडिलांची. शेवटची काही वर्षे ते तिथे बसून पुठ्ठे पाडीत. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. खोलीला कुलूप आहे, आत त्यांच्या पुठ्ठ्यांच्या माळा, चौकटींचे कागद आणि पाट जसाच्या तसा. तेराव्या दिवशी आई म्हणाली होती, "यांच्या खोलीला कुणी हात लावू नका." आम्ही भावांनी ते शब्द मनात कोरून ठेवले. पुण्याहून थोरला भाऊ फोनवर अनेकदा म्हणाला, "अरे, तिचे गुडघे बघ. सतरा पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. ती खालची खोली तिला करून द्यावी." आणि प्रत्येक वेळी मी जाणत्याच्या आवाजात सांगत आलो, "दादा, तिला ते सहन होणार नाही. मी तिच्याजवळ राहतो, मला ठाऊक आहे."

पूर्वी दर सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारी माझी आई गेली दोन वर्षे गेलेली नाही. मी सौ.ला म्हणत असे, की वय झाले की माणसाची हौस कमी होते. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला प्रश्न पडला: हे मला कुणी सांगितले? आईने? की माझ्या वहीने?

खरे सांगायचे, तर विचारायची मला भीती वाटत होती. त्या खोलीचे नाव काढले तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि बसलेली घडी विसकटेल. न विचारण्याला आपण किती सहज माया म्हणतो!

सकाळी ती गॅलरीत तुळशीपाशी बसली होती. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "आई, खालच्या खोलीचं काय करावं असं तुला वाटतं?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. डोळ्यांत पाणी आले ते आलेच. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "अरे, मी कधीची वाट बघतेय कुणीतरी विचाराल म्हणून. ते पुठ्ठे ठेवलेत कशाला?"

"तूच म्हणाली होतीस ना, हात लावू नका म्हणून?"

"त्या दिवशी घरात पन्नास माणसं होती. कुणी रद्दी म्हणून उचलून नेईल, म्हणून म्हटलं. त्याला सहा वर्षं झाली. पुढं तुम्ही दोघंही कुलूप काढीनात, तेव्हा मला वाटलं, वडिलांची आठवण म्हणून तुम्हाला हवीय ती खोली. तुमचं मन कशाला मोडा? म्हणून मी आपली चढते-उतरते."

वाचकहो, त्या क्षणी मला पुतण्याचा कपाळावर मारलेला हात आठवला. सहा वर्षे ती आम्हाला आपल्या वहीतून वाचीत होती आणि आम्ही तिला आमच्या. दोन्ही वह्यांतली टिपणे लिहिली तेव्हा बरोबर होती. मधल्या काळात पायऱ्या मात्र दोन्ही वह्यांनी धरल्या नव्हत्या. त्या तिच्या गुडघ्यांनी मोजल्या.

"आणि सोमवार?" मी विचारले.

"हौस कशी कमी होईल रे? जाऊन यायचं म्हणजे सतरा खाली आणि सतरा वर. तू कॉलेजातून दमून येतोस. तुला कुठं सांगू, मला धरून ने म्हणून?"

नवरात्राआधी खोली रिकामी केली. भाऊ पुण्याहून दोन दिवस येऊन राहिला. पुठ्ठे विणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेने आनंदाने नेले. मुलांना दाखवायला उपयोगी पडतील म्हणाले. एक माळ घरात ठेवायची ठरली. मी मोराची माळ काढून बाजूला ठेवत होतो. वडिलांचा मोर गावात नावाजलेला. पण हात तसाच थांबवला आणि म्हटले, विचारावे. आईने मोराकडे पाहिलेही नाही. ढिगातून तिने एक साध्या काठाची, लहानशी, पिवळी पडलेली माळ काढली. म्हणाली, "ही. हिच्यातला दोरा मी ओवलाय. लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं."

ही गोष्ट मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हती.

आता ती खाली राहायला गेली आहे. गाळ्यातल्या दुकानदाराशी तिचे तेलुगूत बोलणे चालते, येणारी-जाणारी दारात टेकते, आणि गेले काही सोमवार ती रिक्षाने सिद्धेश्वराला जाऊन तळ्याकाठी बसून येते. आम्ही वरचे मात्र जरा पोरके झालो आहोत. चहा प्यायला आम्हालाच सतरा पायऱ्या उतराव्या लागतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर साफसफाई होऊन गेलेली असेल. माळे, कपाटे, डबे सगळे काढून झाले असेल. तेवढ्यात आणखी एक कप्पा उघडून बघावा, अशी माझी विनंती आहे. 'बाबांना असंच लागतं', 'ताईला हे चालायचं नाही', 'सासूबाई कधी ऐकायच्या नाहीत' अशी जी वाक्ये आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो, ती कधी टिपली होती, हे आठवून पाहावे. माणसाच्या काही गोष्टी आयुष्यभर बदलत नाहीत. त्या पुन्हा पुन्हा विचारून त्याला शिणवू नये. पण कुठल्या बदलत नाहीत, हे आपणच ठरवून टाकू नये.

यंदाच्या दिवाळीची पहिली पणती खालच्या खोलीत लागायची आहे. उंबऱ्यावर की खिडकीत, यावर सौ. आणि मी काल बराच वाद घातला. अखेर दोघेही खाली उतरलो, तर आई झोपली होती. आज संध्याकाळी पुन्हा जाऊन विचारणार आहोत.